साठ वर्षांचा मुलगा

खेळ म्हटला कीं आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढें पत्ते, कॅरम, फार तर बुद्धिबळ उभें राहतें. आणि गोष्ट म्हटली कीं कादंबरी किंवा नाटक. या दोहोंचा संसार एकत्र थाटला गेल्यास आतां बरींच वर्षें झालीं, हें घरांत तरुण मुलें असलेल्या वाचकांस सांगावयास नको. ‘रोल-प्लेइंग गेम’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेममध्यें खेळणारा स्वतःच कथेचा नायक होतो. कोठें जावें, कोणाशीं बोलावें, कोणाचा पक्ष घ्यावा हें तो ठरवितो. आणि त्याच्या निवडीप्रमाणें कथा वळते, निदान वळावी अशी अपेक्षा असते. असा एक खेळ, ‘फॉलआउट ४’, आमच्या पुतण्याच्या आग्रहावरून आम्हीं गेल्या पावसाळ्यांत आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला; मधून मधून स्वतःही खेळलों. वेळ फुकट गेला असें आम्ही म्हणत नाहीं. उलट त्या कथेंत एक प्रसंग इतका मोठा आहे कीं, तो वायां गेल्याची हळहळ अजून मनांतून जात नाहीं. ज्यांना हा खेळ स्वतः खेळावयाचा असेल त्यांनीं येथेंच थांबावें हें बरें. कथेचें रहस्य फोडल्यावांचून आम्हांस पुढें एक पाऊलही टाकतां येणार नाहीं.

‘फॉलआउट’ ही मालिका १९९७ सालीं सुरू झाली. अणुयुद्धानें जग बेचिराख झाल्यावर जमिनीखालच्या आश्रयस्थानांतून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या या कथा. २००८ सालच्या तिसऱ्या खेळापासून मुख्य मालिकेची सूत्रें अमेरिकेच्या मेरीलँड संस्थानांतील बेथेस्डा या मंडळीकडे आलीं, आणि चवथा खेळ त्यांनीं १० नोव्हेंबर २०१५ रोजीं प्रसिद्ध केला. तिसऱ्या खेळांत मूल आपल्या बापास शोधीत होतें. चवथ्यांत आईबाप मुलास शोधतात. कल्पना उलटी केली ती उत्तमच केली, असें म्हटलें पाहिजे.

कथेचा आरंभ २३ ऑक्टोबर २०७७ या दिवशीं बॉस्टनजवळच्या एका नीटनेटक्या वसाहतींत होतो. नेट हा सैन्यांतून परतलेला शिपाई, नोरा ही त्याची वकील पत्नी, आणि पाळण्यांत तान्हा शॉन. कॉड्स्वर्थ नांवाचा यांत्रिक गडी घरांत चाकरीस आहे. दारावर आलेला विक्रेता भूमिगत आश्रयस्थानांतील जागेची नोंदणी करून जातो. आणि इतक्यांत दूरचित्रवाणीवर बाँब पडूं लागल्याची वार्ता येते. तिघेंही धांवत ‘व्हॉल्ट १११’ या आश्रयस्थानांत शिरतात. तेथें निर्जंतुक करण्याच्या मिषानें त्यांना कोठ्यांत बसवून गोठविण्यांत येतें. मध्येंच एकदां शुद्ध येते. समोरच्या कोठींतील जोडीदाराच्या हातून एक मनुष्य मूल हिसकावून घेतो, मूल न सोडणाऱ्या त्या जोडीदारास गोळी घालतो, आणि सर्व पुन्हां गोठतें. त्यानंतर जाग येते ती २२८७ सालीं. आपण नेट व्हावयाचें कीं नोरा, हें खेळणाऱ्यानें आरंभींच निवडावयाचें असतें. उरलेला तो मारला जातो. आमच्या घरीं नोरा निवडली होती.

इतका चटका लावून कथा मोकळ्या मैदानांत येते, आणि तेथेंच तिची पकड सुटते. नोरा पोराच्या शोधार्थ निघते खरी. पण पहिल्याच गांवीं भेटलेला प्रेस्टन नांवाचा सद्गृहस्थ तिच्यावर वस्त्या वसविण्याचें काम सोंपवितो. एका वस्तीचें संकट निवारलें कीं दुसरीचें तयार. खाटा करा, विहिरी खणा, कुंपणें घाला, आणि त्यासाठीं पडक्या घरांतून मोडके पंखे, पत्र्याचे डबे, चिकटपट्टीचीं वेटोळीं गोळा करा. आमच्या मातोश्री शेजारीं वाती वळीत बसल्या होत्या. बराच वेळ पाहून त्या नातवास म्हणाल्या, “अरे, हिचें मूल चोरीस गेलें ना? मग ही दुसऱ्यांचीं भांडीं काय उचलीत बसली आहे?”

“आजी, त्याचें सामान होतें,” पुतण्या म्हणाला.

मातोश्रींनीं वाती पुढें वळावयास घेतल्या. टीकाकारांनीं या खेळावर पुष्कळ लिहिलें आहे; पण त्या एका प्रश्नांत मुख्य दोष सांगून झाला असें आम्हांस वाटतें. मोकळें भटकणें हा अशा खेळाचा प्राण आहे, हें आम्ही जाणतों. परंतु तसें असेल तर कथेचें मूळ सूत्र असें निवडावें कीं तें भटकंतीशीं भांडणार नाहीं. १९९७ च्या पहिल्या खेळांत नायकास आश्रयस्थानाच्या पाण्याच्या यंत्राचा एक भाग १५० दिवसांत आणून द्यावयाचा होता, आणि मुदत टळली तर खेळ संपत असे. हा जाच पुष्कळांस आवडला नाहीं. पण निकडीला तेथें निकडीसारखी वागणूक मिळाली होती. येथें मूल शंभर दिवस शोधलें नाहीं तरी कथेचें कांहीं बिघडत नाहीं.

दुसरा दोष बोलण्याचा. मालिकेच्या पूर्वीच्या खेळांत नायक मुका असे, आणि त्याच्या तोंडीं घालावयाचें वाक्य खेळणारा पुरतें वाचून निवडीत असे. चवथ्या खेळांत नायकास वाणी लाभली. खेळांतील एकंदर संवाद लाखाच्या वर आहेत, आणि नटनटींनीं कामही जीव ओतून केलें आहे. पण खेळणाऱ्यापुढें प्रत्येक वेळीं चारच पर्याय, आणि तेही एकदोन शब्दांचे. बहुधा एक होकार, एक नकार, एक प्रश्न आणि एक टोमणा. आपण काय बोलणार हें आपल्यासच बोलून झाल्यावर कळतें! मूल गमावलेल्या आईस चारांतून एक असा टोमण्याचा पर्याय कायमचा देऊन ठेवणें यांत जें रसिकतेचें दारिद्र्य आहे, तें नटीच्या कौशल्यानें झांकलें जात नाहीं. शिवाय नोरा वकील आहे हें पुढें लेखकांनाच आठवत नाहीं; ती पहिल्या दिवसापासून कसलेल्या शिपायासारखी बंदूक चालविते.

आतां तो प्रसंग. शोध घेत घेत नोरा ‘इन्स्टिट्यूट’ नांवाच्या भूमिगत शास्त्रज्ञांच्या नगरांत पोंचते. कांचेच्या खोलींत दहा वर्षांचा शॉन बसलेला आहे. ती हांका मारते. तो घाबरून ‘फादर’ला बोलावतो. दार उघडून पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध आंत येतो, एक सांकेतिक शब्द उच्चारतो, आणि मुलगा यंत्रासारखा निश्चल होतो. कारण तो यंत्रच आहे, माणसाची हुबेहूब प्रतिकृति. खरा शॉन म्हणजे हा वृद्ध. मूल चोरीस गेल्यावर नोरा आणखी साठ वर्षें गोठून होती. आई तरुण, आणि तिचें तान्हें साठीला टेकलेलें. इतकेंच नव्हे, तर ज्यांनीं त्याला पळविलें त्यांचाच तो आतां मुख्य.

हें ऐकतांच आम्हांस कर्णाकडे गेलेल्या कुंतीची आठवण झाली. युद्धाच्या तोंडावर, नदीकांठीं, परक्याच्या पक्षांत वाढलेल्या पुत्रापुढें आई उभी राहते. तेथें कर्ण तिला दोष देतो, तिचें मागणें नाकारतो, आणि तरीही अर्जुनावांचून इतर चौघांस जीवदान देतो. नात्याचें ओझें दोघांनाही पेलवत नाहीं, म्हणून तो प्रसंग हजारों वर्षें टिकला. येथें तर आईकडे कांहींच दोष नाहीं, आणि मुलाकडे तिची एकही आठवण नाहीं. केवढें नवें दुःख! पण शॉन आपल्या बापाच्या खुनाचा उल्लेख ओघांत झालेल्या नुकसानीसारखा करतो, संस्थेची माहिती देतो, आणि आईस नगर पाहून यावयास सांगतो. लौकरच ती त्याच्या कामगिऱ्या करूं लागते. वाटल्यास खेळणारा त्याला तेथल्या तेथें गोळी घालूं शकतो. पण त्याच्याजवळ बसून, तूं पहिला शब्द कोणता बोललास, तुला कोणीं वाढविलें, आजारपणांत उशाशीं कोण होतें, असें मनसोक्त विचारतां येत नाहीं. आपणच तुला कोठींतून बाहेर काढविलें, तूं येथवर पोंचतेस का हें पाहावयाचें होतें, असें तो पुढें गच्चीवर सांगतो. आपल्याला कर्करोग आहे हेंही कळतें. अशा दोन वाक्यांवर एखाद्या नाटककारानें सबंध अंक उभा केला असता. येथें लगेच पुढची कामगिरी सुरू होते.

वरील जगांतील माणसें नाहींशीं करून त्यांच्या जागीं यांत्रिक प्रतिकृति ठेवण्याचा इन्स्टिट्यूटचा उद्योग कशासाठीं, याचें पटेल असें उत्तरही शॉनजवळ नाहीं. तें असतें तर आईपुढें खरें धर्मसंकट उभें राहिलें असतें. मुलाची बाजूच पोकळ ठेवल्यावर त्याच्याविरुद्ध जाण्यांत दुःख कसलें?

लेखकांस जमतच नव्हतें असें म्हणावें तर तेंही खरें नव्हे. मूल पळविणाऱ्या केलॉगच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूंतील अवशेषाच्या साहाय्यानें नोरा त्याच्या स्मृतींत शिरते. तेथें त्याचें बालपण दिसतें, त्याची बायको व तान्ही मुलगी दिसते, आणि त्या दोघी मारल्या गेल्याचें कळतें. खुनी मनुष्यही कधीं बाप होता, हें त्या अंधाऱ्या खोल्यांतून चालतांना आपल्याला सांगावें लागत नाहीं. आमच्या मतें सबंध खेळांतील हा सर्वांत सरस भाग. उलट आडवाटेवरच्या एका फ्रिजमध्यें युद्धाच्या दिवसापासून, म्हणजे २१० वर्षें, अडकलेला मुलगा सांपडतो. किरणोत्सर्गानें कातडी झडलेला, पण जिवंत. त्याचे आईबापही तसेच जिवंत, तेथून थोड्याच अंतरावर. इतकीं वर्षें तो काय खात होता, आणि जवळच असलेल्या आईबापांस सांपडला कसा नाहीं, हें कोणीं विचारूं नये! त्याला घरीं पोंचवावें किंवा वाटेंत भेटणाऱ्या भाडोत्री शिपायास विकावें. दोनशें वर्षांनीं मूल परत मिळालेल्या त्या आईबापांसमोर स्वतःचें मूल शोधणारी नोरा उभी असते. पण हे दोन धागे कोणींच जुळविलेले नाहींत.

शेवटीं पुतण्यानें इन्स्टिट्यूटच्या विरुद्ध बाजू घेतली. रुग्णशय्येवरील शॉनशीं थोडें बोलणें झालें. नगर उडवून देण्याच्या क्षणीं तो यांत्रिक मुलगा धांवत आला आणि नोराला ‘आई’ म्हणूं लागला. वृद्धानें मरण्यापूर्वीं त्याची स्मृति तशी बदलून ठेविली होती. घ्यावें कीं सोडावें? पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं मातोश्रींकडे पाहिलें. “घे रे,” त्या म्हणाल्या.

आतां तो मुलगा एका वस्तींत राहतो. कोणतें तरी भंगार आणून द्या म्हणून मागतो, आणि त्याचें कांहीं बाहीं बनवितो. तो दहा वर्षांचा आहे व दहाचाच राहणार. याबद्दल नोरा त्याच्याशीं किंवा दुसऱ्या कोणाशीं कधीं बोललेली आम्हीं ऐकली नाहीं. खेळ बंद केला त्या रात्रीं तो अंगणांत बसून कसलेसे तुकडे जुळवीत होता.