पैशाच्या वाटा (9) : तोट्यातला बोनस

गेल्या आठवड्यात आपण कुंभकोणम्‌मध्ये होतो. 1904 साली तिथे निघालेली कुंभकोणम् बँक, म्हणजे आजची सिटी युनियन बँक, आणि जवळच दारासुरम्‌चे रेशीम विणकर. अशा गावातल्या बँकेच्या कारभाऱ्याने पडत्या काळात स्वतःला बक्षिसी घेतली, तर सकाळी ठेवीदार दारात हजर. मॅनहॅटनमध्ये ती सोय नव्हती. तिथला राग अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेला आणि त्याच्या तडाख्यात एक मराठी माणूसही सापडला.

विक्रम पंडित. जन्म नागपूरचा, शाळा दादरची, सोळाव्या वर्षी अमेरिका. डिसेंबर 2007 मध्ये ते सिटीग्रुपचे प्रमुख झाले, लगेच जानेवारीत पद्मभूषण जाहीर झाले. आपल्याकडे कौतुकाला उधाण आले होते. वर्ष संपेपर्यंत घरकर्जांच्या गाळात बँक अशी रुतली, की अमेरिकी सरकारला दोन हप्त्यांत 45 अब्ज डॉलर ओतावे लागले. शिवाय सुमारे 300 अब्जांच्या जोखमीच्या मालमत्तेला हमी द्यावी लागली.

आणि बोनस? न्यूयॉर्कचे तेव्हाचे महाधिवक्ता अँड्र्यू कुओमो यांनी जुलै 2009 मध्ये आकडे मांडले. 2008 सालचा सिटीचा तोटा 27.7 अब्ज डॉलर, वाटलेला बोनस 5.33 अब्ज. दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मिळालेले लोक 738. एआयजी या विमा कंपनीने तर ज्या विभागाने तिला बुडवले, त्याच विभागात 16.5 कोटी डॉलर वाटायला घेतले होते.

बचावाचा मुद्दा एकच होता : करार झालाय, द्यावाच लागेल. तो अगदीच पोकळ नव्हता. सिटीच्याच फिब्रो या तेलव्यापारी शाखेचे अँड्र्यू हॉल यांनी खरोखर नफा कमावला होता आणि त्यातला करारातला वाटा म्हणून सुमारे 10 कोटी डॉलर त्यांचे येणे होते. इतरांच्या चुकीची शिक्षा हॉलना का? पण बँक बुडू दिली असती, तर हे येणे वसूल करायला हॉल घेणेकऱ्यांच्या रांगेतच उभे राहिले असते. करार जिवंत राहिला तो करदात्याच्या पैशावर. मला यात हॉलपेक्षा करदात्याची बाजू जड वाटते. शेवटी ऑक्टोबर 2009 मध्ये सिटीने फिब्रोच विकून टाकली.

गंमत म्हणजे तोट्यातही बोनस आपल्याला नवा नाही. 1965 च्या बोनस कायद्याने कामगाराला किमान 8.33 टक्के, म्हणजे साधारण महिन्याचा पगार, कारखाना तोट्यात असला तरी द्यायचा असे. गिरणगावात तो मागे ठेवलेला पगारच मानला जाई. मात्र त्याच कायद्याने 20 टक्क्यांची कमाल मर्यादाही घातली होती. वॉल स्ट्रीटला किमान हमी हवी होती, कमाल मर्यादा नको होती.

पंडितांनी फेब्रुवारी 2009 मध्ये काँग्रेससमोर सांगितले, की बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेईन, बोनस नाही. शब्द पाळला. तरी लोकांना आठवत होते, की 2007 मध्ये सिटीने त्यांचा ओल्ड लेन हा फंड सुमारे 80 कोटी डॉलरला घेतला आणि वर्षभरात गुंडाळला. 2010 च्या अखेरीस सरकारने सिटीतले आपले शेअर फायद्यात विकले. खरा फटका त्यानंतर बसला. एप्रिल 2012 मध्ये दीड कोटी डॉलरच्या त्यांच्या मोबदल्याविरुद्ध भागधारकांची 55 टक्के मते पडली. मत सल्लावजा होते, बंधनकारक नव्हते. ऑक्टोबरमध्ये पंडितांनी राजीनामा दिला.

आपल्या रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2019 मध्ये खासगी बँकांच्या प्रमुखांच्या मोबदल्याचे नियम कडक केले : निम्मा तरी मोबदला कामगिरीवर, त्यातला मोठा हिस्सा तीन वर्षे रोखलेला, आणि घोळ निघाल्यास दिलेलेही परत. येस बँकेच्या संचालक मंडळाने त्याच वर्षी माजी प्रमुख राणा कपूर यांचा दोन वर्षांचा बोनस परत घ्यायचे ठरवले होते : 1 कोटी 44 लाख. पुढच्या मार्चमध्ये स्टेट बँकेला पुढे करून ही बँक वाचवावी लागली, तेव्हा तिच्या एटी-वन रोख्यांचे, म्हणजे बँक अडचणीत आल्यास बुडवता येणाऱ्या कर्जरोख्यांचे, 8,415 कोटी रुपये एका फटक्यात शून्य झाले. हे रोखे घेणाऱ्यांत सामान्य गुंतवणूकदारही होते. त्यांना ते कसे विकले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये काय ठरवले, ते पुढच्या आठवड्यात.