बीज सोडलेल्या तळ्यांतील मिशाळ मासे व त्यांस गळानें पकडण्याची रीत

पावसाळ्यांत तळ्यांत कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडावी, वर्षभर तिला शेणखत व पेंड पुरवावी, आणि उन्हाळ्यांत जाळें ओढतांना हिशेबाच्या निम्मे मासेही हातीं लागूं नयेत, असा प्रकार पुष्कळ शेतकऱ्यांच्या वांट्यास येतो. अशा वेळीं दोष बियाण्यास, बगळ्यास किंवा चोरास दिला जातो, आणि तो कधीं कधीं खराही असतो. परंतु पुष्कळदां खरा खाणारा तळाशीं, चिखलांत व पाणवनस्पतींच्या सांवलींत दिवसभर स्वस्थ पडून असतो व अंधार पडल्यावर बाहेर निघतो. हे खाणारे म्हणजे बिनखवल्याचे मिशाळ मासे होत.

१० जुलै १९५७ रोजीं ओडिशांत डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनीं ग्रंथींचा अर्क टोचून रोहूवर्गीय माशांपासून तळ्यांत अंडीं मिळविलीं. तेव्हांपासून बियाण्यासाठीं नदीच्या पुराकडे डोळे लावून बसण्याचें कारण उरलें नाहीं. पण विकत घेतलेलें बीं म्हणजे रोकड पैसा. हेक्टरीं ५००० बोटुकली सोडणाऱ्यानें ती कोणाच्या पोटांत जाते हें पाहिलेंच पाहिजे. यासाठीं गळासारखें स्वस्त व निवडक साधन दुसरें नाहीं, असें आमचें मत आहे. तें कसें वापरावें व कोणता मासा काढून कोणता राखावा, हें येथें सांगतों.

माशांची ओळख

सर्व मिशाळ मासे सारखेच अपराधी नव्हत. शिवडा, ज्यास कांहीं भागांत पहाडी म्हणतात, तो सर्वांत खादाड. त्याचें अंग चपटें व रुपेरी, तोंडाची फांक डोळ्यांच्याही मागें गेलेली, जबड्यांत बारीक दांतांच्या दाट रांगा, व मिशा चार. त्यांपैकीं वरच्या दोन फार लांब. पोटाखालचा पर शेपटीजवळ पोंचलेला असतो. तो मीटरभर लांबीचाही होतो, आणि अशा माशास वीतभर रोहू म्हणजे एक घांस.

शिंगाळ्यास आठ मिशा असून पाठीवर व दोन्हीं कुशींस बळकट कांटे असतात. तो तळ धरून राहतो आणि लहान मासे, झिंगे व किडे खातो. मागुराचें डोकें चपटें, मिशा आठ, व पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत लांब. कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचा जादा अवयव त्यास असल्यामुळें तो ओल्या गवतांतून सरपटत एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत जातो. तळें आटलें तरी ओल्या चिखलांत तो जीव धरून राहतो. त्याचें भक्ष्य मुख्यत्वें किडे, गांडुळें व गोगलगाई. बारीक मत्स्यजिरे तो खाईल, परंतु वाढलेल्या बोटुकलीस त्याच्यापासून फारसें भय नाहीं. शिंगी हा मागुरासारखाच दिसतो, पण त्याच्या पाठीवरचा पर अगदीं लहान असतो व कुशीचे कांटे विषारी असतात.

जागा व वेळ

या माशांची दृष्टि मंद, परंतु वास व चव यांचें ज्ञान विलक्षण. चव ओळखणारे सूक्ष्म अंकुर त्यांच्या मिशांवर तर असतातच, पण सर्व कातडीवरही पसरलेले असतात. अमेरिकेंतील अशाच एका जातीच्या माशावर ते मोजले असतां त्यांची संख्या लाखावर भरली. म्हणून गढूळ पाण्यांत व काळोख्या रात्रींही भक्ष्य त्यांस अचूक सांपडतें. रोहूसाठीं स्वच्छ पाणी व सकाळ पाहणाऱ्यानें या माशांसाठीं ती रीत सोडावी.

दिवस मावळल्यापासून पुढचे दोनतीन तास व उजाडण्यापूर्वींचा काळ उत्तम. थंडीच्या दिवसांत ते मंदावतात. फाल्गुनापासून पाणी तापूं लागलें म्हणजे त्यांची भूक वाढते. दिवसां ते बंधाऱ्याच्या दगडांत, बुडालेल्या झाडोऱ्यांत, कांठाखालच्या पोकळींत व सर्वांत खोल डोहांत असतात. रात्रीं तेच मासे उथळ कांठाकडे येतात. म्हणून संध्याकाळीं गळ लांब फेंकण्यापेक्षां झाडोऱ्याच्या कडेस, कांठापासून दोनचार हातांवर टाकणें अधिक फलदायी होतें. कांठावर पाय आपटूं नयेत व मोठा दिवा पाण्यावर धरूं नये. हे मासे कंपन फार लवकर ओळखतात.

येथें एक सूचना. उन्हाळ्यांत पहाटे रोहू व कटला पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडीत असतील, तर पाण्यांतील प्राणवायु कमी झाला आहे असें समजावें. ती वेळ गळ टाकण्याची नव्हे. खत व पेंड तात्काळ बंद करून ताजें पाणी सोडावें.

गळ, दोरी व आमिष

शिवड्यासाठीं बळकट, मोठ्या तोंडाचा गळ, जाड नायलॉनची दोरी व गळाजवळ वीतभर तार असावी, कारण त्याच्या दांतांनीं बारीक दोरी झिजून तुटते. आमिष म्हणून तळ्यांतीलच टाकाऊ बारीक मासळी लावावी. बोटुकली कदापि लावूं नये. आमिष तळास न टेकवितां बुचाच्या आधारानें मध्यम खोलीवर ठेवावें.

शिंगाळ्यासाठीं याच्या उलट. शिसें लावून आमिष तळाशीं न्यावें व त्यास झिंगा, गांडुळांचा झुबका किंवा कोंबडीच्या आंतड्याचा तुकडा लावावा. मागुरास लहान गळ व एकच गांडूळ पुरें होतें. आमिष ताजें असावें व तासाभरानें बदलावें, कारण पाण्यांत धुपून वास गेलेल्या आमिषास हे मासे फिरकत नाहींत.

मासा प्रथम आमिष चाचपतो, मग तोंडांत घेऊन चालूं लागतो. पहिल्याच हिसक्यास दोरी ओढणारा रिकामा गळ परत आणतो. दोरी एकसारखी चालूं लागली म्हणजे ती हळूहळू ताणावी. ज्यास कांहीं मासे जिवंत सोडावयाचे आहेत त्यानें टोंक आंत वळलेला वर्तुळाकार गळ घ्यावा. तो बहुधा ओठाच्या कोपऱ्यांत बसतो व पोटांत उतरत नाहीं. मात्र त्यास हिसका देऊं नये, दोरी नुसती ताणून धरावी. अनेक गळांची दावण रात्रभर लावून घरीं निजणें बरें नव्हे, कारण तिच्यावर लागलेला मासा सकाळपर्यंत मरतो व निवड करण्याची संधि जाते.

मासा हातीं धरतांना

शिंगाळा, मागूर व शिंगी यांचे कुशीचे कांटे ताठ उभे राहतात. मासा ओल्या फडक्यानें धरून बोटें त्या कांट्यांच्या मागून घालावीं. शिंगीचा कांटा रुतल्यास वेदना असह्य होतात. अशा वेळीं जखम धुवून हात सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, म्हणजे विषाचा जोर ओसरतो. नंतर डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताची सुई टोंचून घ्यावी. रात्रीं एकट्यानें तळ्यावर जाऊं नये.

काय काढावें, काय राखावें

आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. देशी मागूर व शिवडा या दोघांचीही गणना आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादींत संकटांतील जातींमध्यें झालेली आहे. म्हणून बीज सोडलेल्या तळ्यांतून शिवडा काढावा, तो फाल्गुन ते वैशाख या काळांत, बोटुकली येण्यापूर्वीं. मागूर सांपडल्यास तो जिवंत ठेवून ज्या ओढ्यांतून तळ्यांत आला त्याच ओढ्यांत सोडावा. वलगणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या पावसानें मासे अंड्यांनीं भरून ओढ्यांतून व खाचरांतून वर चढतात तेव्हां, त्यांस कोणीही हात लावूं नये. त्या एका आठवड्यांत मारलेली मादी म्हणजे पुढील वर्षाचें सारें बीं होय.

तळ्याच्या पाणी येण्याच्या व जाण्याच्या तोंडांवर बारीक जाळी बसवावी, आणि बोटुकली ८ ते १० सेंटिमीटरांची झाल्यावरच सोडावी. म्हणजे उरल्यासुरल्या लहान शिकाऱ्यांचें भय पुष्कळ कमी होतें. सुरुंग किंवा विष यांचा विचारही मनांत आणूं नये. १८९७ च्या मत्स्य कायद्यानेंच ते प्रकार गुन्हा ठरविले आहेत, आणि विषास शिवडा व रोहू यांतील भेद कळत नाहीं. पुष्कळ सार्वजनिक तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतो; तेथें त्यांच्या संमतीवांचून गळ टाकूं नये.

आफ्रिकेंतून आलेला व बाजारांत थाई मागूर म्हणून विकला जाणारा मासा मात्र निराळा. तो झपाट्यानें वाढतो, मिळेल तें खातो व देशी माशांचा नाश करतो. केंद्र सरकारनें २००० सालीं त्याच्या पालनास बंदी केली आहे. स्वस्त बियाण्याच्या मोहानें तो तळ्यांत घेऊं नये. गळास लागल्यास पुन्हां पाण्यांत सोडूं नये व मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावें.

शेवटीं, जो शिवडा वा शिंगाळा खाण्यासाठीं ठेवावयाचा, त्याचें पोट चिरतांना आंत काय आहे तें पाहून वहींत टिपून ठेवावें: तारीख, जात, वजन व पोटांतील भक्ष्य. झिंगे व किडे निघाले तर तो मासा आपल्या बोटुकलीचा वैरी नव्हता, आणि तूट कोठें आली हें अन्यत्र शोधलें पाहिजे. रोहूचीं खवलें निघालीं, तर पुढील फाल्गुनांत गळ कोणासाठीं व किती दिवस टाकावयाचा याचा निर्णय त्या वहींतच मिळेल. पिकावरील किडीची पारख केल्याविना शहाणा शेतकरी फवारणी करीत नाहीं. पाण्यांतील पिकासही तोच न्याय लागू आहे.