गृहोद्यानातील प्रश्न आणि शुष्क पानझडी वनाचा ऋतुक्रम : विश्रांतवाडी परिसराच्या संदर्भात

गोषवारा

पुणे शहराच्या ईशान्येस असलेल्या विश्रांतवाडी परिसरातील घरबागांत पानगळ, पाने पिवळी पडणे, अळ्या, गोगलगायी, साप व पालापाचोळा यांविषयी वारंवार प्रश्न उपस्थित होतात. स्थानिक वनाचा ऋतुक्रम ध्यानात घेतल्यास त्यांतील कोणता बदल रोगामुळे व कोणता ऋतूमुळे झाला आहे हे ओळखता येते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : गृहोद्यान, शुष्क पानझडी वन, पानगळ, मित्रकीटक, पालापाचोळा

1. प्रस्तावना

विश्रांतवाडी, धानोरी, कळस व टिंगरेनगर हा आळंदी रस्त्याच्या आसपासचा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा हवामानात निसर्गतः शुष्क पानझडी वन व काटेरी झुडुपांचा माळ निर्माण होतो. पळस, सालई, धावडा, मोई, बहावा, खैर व हिवर ही त्यातील ओळखीची झाडे होत. आपल्या मनातील बागेचे चित्र मात्र बारमाही हिरवाईचे असते. या दोहोंतील अंतरातूनच घरबागेचे बरेचसे प्रश्न उद्भवतात.

2. जमिनीचे स्वरूप

नव्या वसाहतींत बागेची माती ही बहुधा मुरूम व बांधकामाचा राडारोडा यांचे मिश्रण असते. त्यातील चुना व सिमेंट यांमुळे माती विम्लधर्मी होते. कूपनलिकेचे जड पाणी त्यात भर घालते. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते शोषता येत नाही. लिंबू, जास्वंद, मोगरा यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोहाची कमतरता समजावी. खालची जुनी पाने सर्वांगी पिवळी पडत असतील, तर नत्राची उणीव किंवा पाण्याचा अतिरेक तपासावा. पहिल्या प्रकारात फेरस सल्फेटच्या 0.5 टक्के द्रावणाची पानांवर फवारणी केल्यास तात्पुरता लाभ होतो. कायमचा उपाय म्हणजे पानांचे कुजलेले खत व पावसाच्या साठविलेल्या पाण्याचा वापर.

3. पानगळ : रोग की ऋतुधर्म?

पानझडी वृक्ष कोरड्या काळात पाने टाकून बाष्पोत्सर्जन थांबवितात. तो त्यांचा जगण्याचा मार्ग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस निष्पर्ण अवस्थेत फुलतो, तर बहावा एप्रिल-मे महिन्यांत.

‘चाफा’ या एका नावाखाली येणारी दोन झाडे येथे उद्बोधक ठरतात. सोनचाफा हा आर्द्र वनातील सदाहरित वृक्ष आहे. उन्हाळ्यात त्याच्या मुळांशी ओल व आच्छादन हवे. देवचाफा (खुरचाफा) हा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून आलेला असून हिवाळ्यात पाने टाकतो. त्या काळात भरपूर पाणी दिल्यास त्याची मुळे कुजतात. मात्र याच देवचाफ्याची पाने पावसाळ्यात गळू लागली व पानांच्या मागील बाजूस नारिंगी भुकटी दिसली, तर तो तांबेरा रोग होय. बाधित पाने काढून टाकून फांद्यांत हवा खेळती ठेवावी.

निष्पर्ण झाड वाळले असे समजून तोडले जाणे, ही यातील सर्वांत गंभीर हानी. कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवा थर दिसल्यास ती फांदी जिवंत आहे. शिवाय ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975’ अन्वये खाजगी आवारातील झाड तोडण्यासाठीही पूर्वपरवानगी आवश्यक असते.

4. बागेतील वन्यजीव

कढीपत्ता व लिंबू यांवरील अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या व पुढे हिरव्या दिसतात. त्या बहुधा कॉमन मॉर्मन किंवा लाइम या फुलपाखरांच्या असतात. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. जोमदार झाड ही पानहानी भरून काढते. रोप फारच लहान असल्यास अळ्या हाताने मोठ्या झाडावर हलवाव्यात.

पिठ्या ढेकणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात 2008 साली कोइमतूर येथे आढळला आणि पुढे जास्वंदासह अनेक झाडांवर पसरला. 2010 साली पोर्तो रिकोहून आणलेल्या परोपजीवी मित्रकीटकांमुळे तो मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आला. सरसकट कीटकनाशक फवारल्यास हे मित्रकीटकच आधी मरतात. घरबागेत पाण्याचा जोरदार फवारा, साबणाचे सौम्य द्रावण व मुंग्यांचा बंदोबस्त एवढे बहुधा पुरेसे ठरते.

पूर्व आफ्रिकेतून आलेली मोठी गोगलगाय मात्र येथील परिसंस्थेचा भाग नाही. पावसाळ्यात पहाटे किंवा रात्री हातमोजे घालून गोगलगायी वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. वाफ्यात मीठ पसरल्यास माती बिघडते.

धामण बिनविषारी असून उंदरांवर जगते. परंतु नाग, घोणस, मण्यार यांच्यापासून तिचा भेद प्रत्येकास करता येईलच असे नाही. म्हणून कोणत्याही सापापासून दूर राहून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

5. पालापाचोळा

वनात गळलेले पान तेथेच कुजून मातीत मिसळते. शहरात ते जाळले जाते, आणि धुराबरोबर मातीचे सेंद्रिय द्रव्यही नष्ट होते. श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने जैवभारातून माती घडविण्याचा विचार महाराष्ट्रात रुजविला, घरबागेस तो पूर्णतः लागू पडतो. येथे एक अडचण मान्य केली पाहिजे : ओलसर ढिगाऱ्यात गोगलगायी व साप आश्रय घेतात. म्हणून उन्हाळ्यात आळ्यात दोन-तीन बोटे जाडीचे आच्छादन करावे, ते खोडापासून व भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी उरलेला पाला जाळीच्या खतकुंडीत भरावा. विटा-फरश्यांचे ढीग हटविणे त्याहून महत्त्वाचे.

6. समारोप

बागेत बदल दिसताच औषध शोधण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : झाड मूळचे कोणत्या वनातील, सध्या ऋतू कोणता, आणि मुळांखाली माती आहे की राडारोडा. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व भूगोल विभागांनी आवारातील दहा-बारा झाडांच्या पानगळीची व फुलोऱ्याची साप्ताहिक नोंद विद्यार्थ्यांकडून सातत्याने करवून घेतल्यास परिसराचे स्वतःचे ऋतुपत्रक तयार होईल. नवे झाड लावताना, आणि विशेषतः निष्पर्ण झाडावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी, नागरिकांना ते पाहता येईल.