खिशातला कॅमेरा निवडताना: इक्सस २८५ की आरएक्स-१००?

मागच्या खेपेला मूर्ती कशी पाहावी यावर बोलणं झालं आणि शेवटी प्रश्न आले ते निम्मेअधिक कॅमेऱ्याचे. त्यातला एक प्रश्न नेमका होता. गावातल्या मंडळाकडे एकाच कॅमेऱ्यापुरते पैसे आहेत, कॅमेरा खिशात मावला पाहिजे आणि दोन नावांवर गाडी अडली आहे: कॅननचा इक्सस २८५ एचएस आणि सोनीचा पहिला आरएक्स-१००. दोन्ही आता जुने, सेकंड हँड बघायचे. काय घ्यावं? आजचं बोलणं एवढ्याच प्रश्नावर.

आधी कॅमेरा कशाला हवा ते बोलू, कारण उत्तर तिथंच आहे. आम्ही काही जण सुटीच्या दिवशी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली देवळं, लेणी, गढ्या बघत हिंडतो आणि त्यांचे फोटो नोंदीसह ठेवतो. हे नुसतं हौसेचं काम नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावातला वाडा, ओसरी, चौकटीवरचं कोरीव काम आज बघायचं म्हटलं तर कित्येकदा कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये, नवरा-नवरीच्या मागे जेवढं आलं तेवढंच सापडतं. मूर्ती चोरीला जाते, शिलालेखावर ऑइलपेंट चढतो, जीर्णोद्धारात जुन्या दगडावर टाइल बसते. त्याआधीचा स्वच्छ फोटो असला तर निदान काय होतं हे सांगता येतं. म्हणून फोटो असा पाहिजे, की दहा वर्षांनी मोठा करून पाहिला तरी अक्षर वाचता यावं.

आता मोठा कॅमेरा का नको? मोटारसायकलवर दोघं, पाठीला बॅग, उन्हाचा तडाखा, हे एक. दुसरं म्हणजे मोठा कॅमेरा बाहेर काढला की दहा माणसं जमतात आणि ‘कुठल्या चॅनलचे?’ म्हणून विचारतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. खिशातला कॅमेरा मुकाट काम करतो.

आणि मोबाइल? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण ह्या छोट्या कॅमेऱ्यांची जात मोबाइलनेच जवळजवळ संपवली. चांगला मोबाइल अंधारातही झटपट अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो आणि चित्र देखणं निघतं. पण देखणं आणि खरं यात फरक आहे. झिजलेल्या अक्षराची कड मोबाइल आपल्या हिशेबाने धारदार करतो, खडबडीत दगड गुळगुळीत करतो. शिलालेखाच्या बाबतीत ही मदत नको. अक्षर पुसट असेल तर ते पुसटच दिसलं पाहिजे, वाचणारा बघून घेईल.

आता दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवू. समोरून पाहिले तर मापाला सारखेच: दोन्हींची लांबी सुमारे १० सेंटिमीटर, उंची ५.८. फरक जाडीत आहे. इक्सस २.३ सेंटिमीटर, सोनी ३.६. वजन इक्ससचं १४७ ग्रॅम, सोनीचं २४०, दोन्ही बॅटरी आणि कार्ड धरून. म्हणजे इक्सस शर्टाच्या खिशात जातो, सोनी पँटच्या. दुकानदार पुढे सांगतो, दोन्ही २० मेगापिक्सेल. आणि झूम? इक्ससला १२ पट, सोनीला जेमतेम ३.६ पट. शिवाय इक्सस २०१६ चा, सोनी २०१२ चा. एवढं ऐकून कुणीही इक्सस उचलेल. सांगितलेलं सगळं खरंच आहे. जे सांगितलं नाही, त्याचा हिशेब आता करू.

पहिला हिशेब सेन्सरचा. लेन्समधून आलेला उजेड ज्या चकतीवर पडतो तो सेन्सर. इक्ससचा सेन्सर अंदाजे ६.१७ गुणिले ४.५५ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. सोनीचा १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६. चौपट. (ह्याला ‘एक इंची’ सेन्सर म्हणतात, पण तो कुठूनही एक इंच नाही. कर्णाने मोजला तरी १६ मिलिमीटर भरतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चिकटलं.) पिक्सेल मात्र दोघांकडे दोन कोटींच्या घरात. एक एकर रान वीस जणांत वाटलं आणि चार एकर रान वीस जणांत वाटलं, तर वाटण्या वीसच होतात, पण प्रत्येकाच्या पदरात काय पडतं? तसंच हे. इक्ससचा एक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉन रुंद, सोनीचा २.४.

दुसरा हिशेब लेन्सच्या तोंडाचा. लेन्सवर ‘एफ’चा आकडा लिहिलेला असतो, तो जितका लहान तितकं तोंड मोठं. झूम न करता इक्ससचा आकडा एफ/३.६, सोनीचा एफ/१.८. आकडा निम्मा, पण उजेड वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दुप्पट नव्हे, चौपट. एकच उदाहरण घेऊ. गुहेत सोनीने आयएसओ ४०० ठेवून सेकंदाच्या पंधराव्या भागात फोटो निघाला, तर त्याच जागी इक्ससला एक तर पाव सेकंद शटर उघडं ठेवावं लागेल किंवा आयएसओ १६०० करावा लागेल. पाव सेकंद हात स्थिर राहत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत हात सावरायची सोय आहे, पण तिलाही मर्यादा असते. आणि एवढ्याशा सेन्सरवर आयएसओ १६०० म्हणजे चित्रात दाणे. ते पुसायला कॅमेरा चित्र घोटून काढतो, म्हणजे मोबाइलचं दुखणं पुन्हा आलंच.

हे कागदावरचं झालं. जागेवर काय होतं ते खरोशाला कळतं. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. दगड खरबरीत, काळपट-तांबूस, झिजलेला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि चार पावलं आत गेलं की काळोख. भिंतीवरची शिल्पं आधीच अर्धी विरलेली. अशा वेळी फ्लॅश मारायचा मोह होतो. मारू नका. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून उजेड फेकतो, सावली मूर्तीच्या मागे लपते आणि उठावाचं शिल्प सपाट भाकरीसारखं दिसतं. उजेड बाजूने हवा. साधी टॉर्च घ्या, सोबतच्या माणसाला मूर्तीच्या एका अंगाला उभं करा आणि भिंतीला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा उजेड पाडायला सांगा. नुसत्या डोळ्यांना न दिसलेली रेघसुद्धा उठून दिसते. शिलालेखाला तर हाच उपाय. पण तिरप्या टॉर्चचा उजेड मंद असतो आणि तिथं सोनीचं मोठं तोंड कामी येतं.

सोनीकडे आणखी दोन गोष्टी आहेत ज्या इक्ससकडे नाहीत. एक, ॲपर्चर आणि शटर आपल्या हाताने ठरवता येतं. दोन, रॉ फाइल मिळते, म्हणजे कॅमेऱ्याने घोटण्याआधीचं कच्चं चित्र. काळवंडलेल्या कोपऱ्यातला तपशील नंतर संगणकावर वर काढायचा तर ही फाइल पाहिजेच.

आता सोनीची उणी बाजू, कारण भक्त होऊन कॅमेरा घेऊ नये. तो एफ/१.८ फक्त झूम न करता मिळतो. झूम शेवटाला नेला की आकडा एफ/४.९ वर येतो, म्हणजे उजेड सुमारे सातपटीने घटला. आणि शिलालेख काही पसरट लेन्सने काढायचा नसतो, कडेच्या ओळी वाकतात. दोन पावलं मागे सरकून, थोडा झूम करून, समोरासमोर काढायचा. म्हणजे नेमक्या ह्या कामात सोनीची श्रीमंती कमी होते. उपाय फुकटचा आहे: मूठभर सोयाबीन किंवा ज्वारी भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवा, तिच्यावर कॅमेरा दाबून बसवा, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा. एक सेकंदाचं शटरही हलत नाही. आणि चौकटीत मोजपट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर अक्षर केवढं ते नंतर कुणीच सांगू शकत नाही.

मग इक्ससचा १२ पट झूम कुठं जिंकतो? देगलूर तालुक्यात होट्टलला जा. चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी, भरपूर ऊन. उंचावरचं शिल्प जवळ आणायचं तर इक्सस ३०० मिलिमीटरच्या तोडीला जातो, सोनी १०० वर थांबतो. सोनीच्या फोटोतून तेवढाच भाग कापून घेतला तर १८२४ गुणिले १२१६ पिक्सेल हाती राहतात. सहा बाय चारची प्रिंट ३०० डीपीआयने काढायला १८०० गुणिले १२०० लागतात, म्हणजे प्रिंट बरोब्बर निघते, पण त्याहून मोठी नाही. इक्सस इथं पुढे आहे, मात्र ‘२० मेगापिक्सेल’ म्हणतात तेवढा नाही. ३०० वर त्याचं तोंड एफ/७ इतकं बारीक होतं. एवढ्या बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो आणि एका बिंदूचा ठिपका साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास होतो. पिक्सेल १.२ मायक्रॉनचा. म्हणजे एक ठिपका आठ पिक्सेलांवर सांडतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. तरी भर उन्हात, शिखराच्या नोंदीसाठी, हा झूम उपयोगाचा आहे.

यात्रेतही इक्सस बरा. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोड्या-गाढवांचा बाजार असतो. त्या गर्दीत हलका कॅमेरा, लांबचा झूम, आणि वाय-फायने फोटो लगेच मोबाइलवर. सोनीच्या ह्या पहिल्या मॉडेलला वाय-फाय नाही, कार्ड रीडर जवळ बाळगावा लागतो. अगदी जवळून काढायचं, म्हणजे नाणं, मोडी कागदावरचा शिक्का, तर इक्सस १ सेंटिमीटरपर्यंत जातो, सोनी ५ पर्यंत. अर्थात १ सेंटिमीटरवर कॅमेऱ्याचीच सावली पडते, तेव्हा ह्या आकड्याला फार भुलू नका.

बॅटरीचं बोलू. कंपन्यांच्या मोजणीप्रमाणे इक्सस एका चार्जमध्ये सुमारे १८० फोटो देतो, सोनी ३३०. शिवाय सोनीची बॅटरी कॅमेऱ्यातच मायक्रो यूएसबीने चार्ज होते, म्हणजे पॉवर बँक चालते. इक्ससला वेगळा चार्जर आणि भिंतीतला प्लग लागतो. किनवट-माहूरकडे दिवसभर हिंडायचं आणि मुक्कामी लाइट नाही, असं ज्याने अनुभवलंय त्याला ह्या एका ओळीचं महत्त्व कळेल. इक्सस घेतलाच तर दोन जादा बॅटऱ्या हव्यात.

धुळीपासून मात्र दोघंही सारखेच उघडे. दोन्हींची लेन्स चालू करताना बाहेर येते आणि काळ्या रानाची बारीक धूळ त्या नळीत शिरते. झिपची प्लॅस्टिक पिशवी ठेवा, फुफाट्यात लेन्स बाहेर ठेवून चालू नका. सोनीचं अंग गुळगुळीत आहे, घामेजल्या हातातून निसटतो. रबराची पट्टी चिकटवा आणि मनगटात दोरी अडकवा.

तर आमचं मत. मंडळात कुणाकडे बरा मोबाइल असेल आणि काम देवळं-लेणी-शिलालेखांच्या नोंदीचं असेल, तर सोनी घ्या. इक्सस झूम न करता जे देतो ते मोबाइलमध्ये आलेलंच आहे, त्याची खरी कमाई फक्त लांबचा झूम. उलट कच्ची फाइल, मोठा सेन्सर आणि हाताने ठरवायचं शटर एकत्र मिळणं, तेही खिशात, हे सोनीमुळेच होतं. काम यात्रा, शाळेचे कार्यक्रम, पक्षी-प्राणी असं असेल तर इक्सस घेणारा फसला असं आम्ही म्हणणार नाही.

सेकंड हँड घेताना मात्र पैसे देण्याआधी एवढं करा. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा, लेन्स करकरते का, अडखळते का ऐका. बॅटरी काढून बघा, फुगली असेल तर ती सहज निघत नाही. मग बाहेर या आणि निरभ्र आभाळाचा फोटो काढा. सोनीवर एफ/११ ठेवून, इक्ससवर झूम शेवटाला नेऊन. पडद्यावर मोठा करून बघा. तेच काळपट डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी आले, तर धूळ सेन्सरवर बसली आहे, आणि ती काढायला कॅमेरा उघडावा लागतो. अशा वेळी भाव करत बसू नका, दुसरा नग दाखवा म्हणा.