भाग २३ : चढाले पाय पुरतात, उतराले डोकं लागते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग बोललो तसाच, थोडा नीट करून, इथे देतोय.

आजचा विषय आहे वाट नसलेला डोंगर. म्हणजे जिथे पायऱ्या नाहीत, बाण काढलेले नाहीत, पुढे कोणी ग्रुप चाललेला नाही. फक्त तुम्ही, दगड आणि वर दिसणारा माथा.

मी बाळापूरचा. आमच्याकडे उंच जागा म्हणजे मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला. बाकी सगळं पयनघाट, सपाट काळी जमीन. उत्तरेला लांबवर सातपुड्याची निळी रेघ, आणि दक्षिणेला वाडेगाव सोडून पातूरकडे गेलं की अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर. पावसाळ्यात ते हिरवेगार असतात. पण फेब्रुवारी संपत आला की सलई-सागाची पानं झडतात, गवताची कुसळं मोज्यात घुसतात आणि खालचा काळा दगड उघडा पडतो. नकाशावर ते वाळवंट नाही, पण पाऊस येईपर्यंत वागतं वाळवंटासारखंच. सावली नाही, नाल्यात पाणी नाही, पायाखाली सुटा दगड.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटी, मी आणि माझा चुलतभाऊ अशाच एका टेकडीवर गेलो. फोनवर सॅटेलाइट फोटो बघितला होता. सरळ अंतर अडीच किलोमीटर, चढ साधारण २०० मीटर. मी इंजिनिअर माणूस, लगेच हिशोब केला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिलाय. ताशी ५ किलोमीटर चाल धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. म्हणजे आमचे अर्धा तास अधिक वीस मिनिटं, पन्नास मिनिटांत माथा!

लागले अडीच तास. कारण तो नियम बऱ्या वाटेचा आहे. काटेरी झुडपं, घसारा, नाला ओलांडायला घातलेले वळसे, हे त्यात नाही. वाट नसेल तर वेळ दुप्पट-तिप्पट धरा, हा पहिला धडा.

पायथ्याशी एक गुराखी बाबा भेटले होते. "कुठी चालले पोट्टेहो?"

"वर, बाबा. माथ्यावर."

"वाट नाई तिकडे."

भाऊ म्हणाला, "माथा तं दिसतेच ना समोर."

बाबा हसले. "चढाले पाय पुरतात भाऊ, उतराले डोकं लागते. पाणी किती हाय?"

दोघांत मिळून तीन बाटल्या होत्या. आम्ही हो-हो करून निघालो.

बाबा बरोबर का होते?

डोंगराचा आकार डोळ्यासमोर आणा. माथा एक, आणि त्यातून चारी बाजूंनी खाली उतरलेल्या सोंडा. चढताना तुम्ही कुठल्याही सोंडेवर असा, वर वर गेलात की त्याच माथ्यावर पोहोचता. चूक आपोआप दुरुस्त होते. उतरताना उलटं. माथ्यावरून निघताना दिशा थोडीशी चुकली तरी तुम्ही शेजारच्या सोंडेवर जाता, आणि जितकं खाली जाल तितक्या त्या दोन सोंडा एकमेकींपासून लांब जातात. पाच अंशांची चूक एका किलोमीटरला जवळपास ८७ मीटर होते. मध्ये एक घळ असेल तर तेवढं पुरेसं आहे.

कोडिंगवाल्यांना लगेच कळेल. चढणं म्हणजे सगळ्या ब्रांच एका मेनमध्ये मर्ज करणं. उतरणं म्हणजे मेनवर उभं राहून आठवणं, की आपली ब्रांच कुठली होती!

दुसरी गोष्ट आपल्या दगडाची. आपण राहतो तो दख्खनचा पठारी भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि हा ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून तो आलाय. काही थर टणक, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो आणि तिथे उतार तयार होतो. टणक थर उभा राहतो, तिथे कडा. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात.

चढताना कडा समोर दिसतो. तुम्ही थांबता, बाजूने फट शोधता. उतरताना तोच कडा वरून दिसतच नाही. तुम्हाला दिसतो फक्त गवताचा उतार, आणि मग एकदम पुढे काहीच नाही.

तिसरी गोष्ट नकाशाची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा साधारण २० मीटरच्या अंतराने असतात. दोन रेषांच्या मध्ये १२-१५ मीटरचा कडा आरामात लपतो. चार-पाच मजली इमारत, आणि नकाशावर तिची खूणही नाही.

आमचं काय झालं

माथ्यावर फोटो काढले, खाल्लं, चार वाजता उतरायला लागलो. लांबवर गावाची पाण्याची टाकी दिसत होती. तिच्या रोखाने सरळ खाली. मध्ये एक माणूसभर उंचीची पायरी आली. बसून, घसरत, उडी मारून उतरलो. मजा आली. पन्नास पावलं पुढे गेलो आणि उतार संपला. खाली सरळ कडा.

भाऊ म्हणाला, "दादा, ते झाड धरून खालच्या टप्प्यावर उतरू. एवढंसंच आहे." मी त्या झाडाचं खोड हलवून बघितलं. मुळासकट दगड हलला.

पाणी दोन घोट राहिलं होतं. दगड दिवसभर तापलेला, हात ठेववत नव्हता. सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे मावळणार. फोनला रेंज नाही. आणि मागे ती पायरी, जी उतरताना मजेची वाटली होती, ती आता चढायची होती. मी भावाला खांदा दिला, त्याने वरून हात दिला. दोन्ही कोपरं सोलून निघाली. वर यायला चाळीस मिनिटं गेली.

वर आल्यावर भावाला वाळलेलं शेण दिसलं. मग कळलं, गुरं कड्यावरून उड्या मारत नाहीत. जिथे शेण आहे तिथे खाली जायला फट आहे. त्या ढोरवाटेने वळसा घेत, फोनच्या टॉर्चवर, सात वाजता खाली पोहोचलो. बाबा अजून थांबले होते. काही बोलले नाहीत. पाण्याची कॅन पुढे केली.

घरी आईला सांगितलं होतं, "पातूरला जाऊन येतो." एवढंच. आम्ही त्या कड्यावर अडकलो असतो तर शोधणाऱ्यांनी सुरुवात कुठून केली असती? १२७ अवर्स हा सिनेमा बघितला असेल. अॅरन रॅल्स्टन २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटी घळीत दगडाखाली हात अडकून पाच दिवस पडला होता. तो कुठे गेलाय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता मी काय करतो

चढताना दर पंधरा मिनिटांनी मागे वळून फोटो काढतो. परतीची वाट चढतानाच बघायची असते, कारण उतरताना तीच उलट्या बाजूने दिसते.

नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून घेतो आणि चढताना ट्रॅक रेकॉर्ड करतो. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते थेट उपग्रहांकडून सिग्नल घेतं. फक्त बॅटरी सांभाळायची.

जी पायरी परत चढता येणार नाही, ती उतरत नाही. हा एकच नियम लक्षात राहिला तरी हा भाग सार्थकी लागला.

उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी धरतो. अर्धं पाणी संपलं किंवा ठरवलेली वेळ झाली, की माथा शंभर पावलांवर असला तरी मागे फिरतो.

कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर लांबून वळसा. अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही.

राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकत नाही. आमची टेकडी गायरानाला लागून होती, तरी आता आधी गावात विचारतो.

आणि निघण्याआधी आईला मेसेज: कुठल्या गावातून चढतोय, कोण सोबत, किती वाजता फोन करीन, आणि तोपर्यंत नाही आला तर ११२ लाव.

तुमच्या गावाजवळ असा बिनवाटेचा डोंगर आहे का? व्हॉइस नोट पाठवा. पण आधी तिथल्या गुराख्याला विचारा, आणि तो पाण्याचं विचारेल तेव्हा आमच्यासारखं हो-हो करू नका. भेटू पुढच्या भागात.