घरचा गोड-तिखट वडापाव
शेतावरच्या न्याहारीसाठी बटाटा आणि रताळ्याचा नवा मेळ

भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही नाक्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जरा उभे राहून पाहावे. मानकोली असो, राजणोली असो की अंजूरफाटा असो, वड्याच्या कढईभोवती माणसांचा गराडा असतोच. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून आलेले कामगार असतात, गोदामात माल चढवायला निघालेले असतात, कॉलेजची मुले असतात. आणि त्यांच्यातच आपल्या घरचेही एखादे पोर असते. आईने पहाटे उठून थापलेली तांदळाची भाकरी टोपलीत तशीच राहते आणि पोर नाक्यावर दोन वडापाव खाऊन मोकळे होते.

भगिनींनो, यात पोराला बोल लावून भागणार नाही. वडापाव एका हातात धरून, उभ्या उभ्या खाता येतो. त्याला ताट लागत नाही, कालवण लागत नाही, नंतर भांडी घासावी लागत नाहीत. ज्याची पाळी सात वाजता सुरू होते आणि ज्याला गाडी गाठायची असते, त्याला भाकरी-कालवणापेक्षा तो सोयीचा वाटला तर नवल नाही. अडचण आहे ती कढईतल्या तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून काळे झालेले असते, वर वडा बांधून मिळतो तो छापील कागदात. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असा नियम २०१८ साली झाला, कारण छपाईची शाई गरम तेलकट पदार्थाला लागते. पण नाक्यावर नियम वाचतो कोण? रोजच्या रोज हे पोटात जाणार असेल तर तीच वस्तू घरी चांगल्या तऱ्हेने का करू नये?

वडापाव आज जुना वाटतो, पण त्याचे वय फार नाही. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. गिरणीच्या पाळीला धावणाऱ्या माणसाला स्वस्त आणि पोटभरीचे काही हवे होते, ते त्यातून मिळाले. पुढे जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुष्कळांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. त्यांतल्या कित्येकांनी पोटासाठी वड्याची गाडी टाकली. त्याच काळात गिरण्यांत निघणारे बरेचसे कापड भिवंडीच्या मागांवर निघू लागले. म्हणजे एकाच संपाने मुंबईत वड्याच्या गाड्या वाढवल्या आणि भिवंडीत ते वडे खाणारे हात वाढवले. आता मागांच्या जोडीला गोदामे आली, भाताच्या खाचरांवर पत्रे चढले, आणि वड्याचे गिऱ्हाईक आणखी वाढले.

पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले. त्यांचे ठाणे इथून जवळच वसईला होते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत भिवंडी तालुक्यातल्या अणजूरच्या नाईकांचा, गंगाजी नाईकांचा मोठा हात होता. पोर्तुगीज गेले, त्यांचे शब्द मात्र आपल्या चुलीपाशी राहिले. गंमत अशी की ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचा. सातासमुद्रापलीकडच्या बेटांवरचे लोक रताळ्याला त्या नावाने ओळखत, पुढे तो शब्द दुसऱ्याच कंदाला चिकटला. आज आपण जो वडा करणार आहोत त्यात या दोघांची पुन्हा गाठ घालायची आहे.

गोड आणि तिखट एकाच पावात, ही कल्पना काही परकी नाही. कच्छमधल्या मांडवी गावची दाबेली अशीच असते: बटाट्याचा मसाला, चिंचेची गोड चटणी, शेंगदाणे, वर डाळिंबाचे दाणे. पावात सारण दाबून भरतात म्हणून ती दाबेली. मोठ्या हॉटेलांत हल्ली सकाळी उशिरा, जेवणाच्या आधी, गोड-खारट बर्गर खाण्याची पद्धत आहे आणि त्या वेळेच्या खाण्याला ‘ब्रंच’ असे नाव दिले आहे. शेतकऱ्याच्या घरात ही वेळ नवी नाही. आवणीच्या दिवसांत बायामाणसे तांबडे फुटताच चिखलात उतरतात आणि दहा-साडेदहाला बांधावर बसून खातात. त्या न्याहारीला पोटाला आधार देणारे आणि थोडे गोड असे काही असले तर अंगात तरतरी येते.

आता साहित्य पाहू. बारा वड्यांसाठी पाव किलो बटाटे आणि पाव किलो रताळी घ्यावी. बटाटे नेहमीसारखे उकडावे, पण रताळी पाण्यात न बुडवता चाळणीवर वाफवावी. पाण्यात शिजवली की ती पाणी धरतात आणि सारण सैल होऊन वडा तेलात फुटतो. शक्य तर दोन्ही आदल्या रात्रीच शिजवून ठेवावे, गार झालेले सारण चांगले वळते. लाल सालीचे, आत पांढरे असे रताळे वड्याला उत्तम, ते कोरडे असते. आतून नारिंगी असलेली रताळी मऊ व ओलसर असतात, पण त्यांत डोळ्यांना उपयोगी असे ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य भरपूर असते. तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाची अशी जात काढली आहे. परसात दोन वाफे रताळ्याचे वेल लावायला जागा असेल तर लहान मुलांच्या घरी अशी जात जरूर लावावी.

दोन्ही कंद हाताने कुस्करावे, अगदी लगदा करू नये. सहा हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आले पाट्यावर जाडसर वाटावे. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात हे वाटण परतावे व सारणावर घालावे. मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, मूठभर कोथिंबीर आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट घालून मळावे. कूट रताळ्याचा ओलावा शोषून घेतो, शिवाय खमंगपणा येतो. लिंबाच्या आकाराहून थोडे मोठे गोळे करून किंचित चपटे करावे.

वरच्या आवरणाला दीड वाटी बेसन आणि दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ. भाताचा मुलूख आपला, तेव्हा हे पीठ घरात असतेच. त्याने वडा कुरकुरीत होतो आणि गार झाला तरी लगेच मऊ पडत नाही. मीठ, हळद, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि एक चमचा कडकडीत तेल घालून भज्यापेक्षा थोडे दाट पीठ भिजवावे. वडे मध्यम आचेवर तळावे. आच मोठी झाली तर रताळ्यातल्या साखरेने वडा लवकर काळपट होतो.

गोड चटणी हा या पावाचा जीव. पन्नास ग्रॅम चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळावी. त्यात चिंचेच्या दुप्पट, म्हणजे शंभर ग्रॅम गूळ, अर्धा चमचा जिरेपूड, थोडे सैंधव व लाल तिखट घालून चमच्याला चिकटेपर्यंत उकळावे. कोरड्या बरणीत ही चटणी आठवडाभर सहज राहते. दुसरी चटणी कोरडी. सुके खोबरे, लसूण, थोडे शेंगदाणे, लाल तिखट व मीठ कुटून करावी. ती नेहमीचीच असल्याने अधिक सांगत नाही.

पाव बेकरीतून आणला तरी चालेल, पण घरचा पाव एकदा तरी करून पाहावा. पाव पायाने तुडवतात म्हणून तो ‘पाव’, असे सांगून आपल्या आज्या नाक मुरडत. शब्दाची व्युत्पत्ती तशी नाही, तरी पीठ स्वतःच्या हाताने मळले की तोही प्रश्न मिटतो. साडेतीनशे ग्रॅम मैदा व दीडशे ग्रॅम बारीक चाळलेली कणीक घ्यावी. दीड चमचा कोरडे यीस्ट व दोन चमचे साखर अर्धी वाटी कोमट पाण्यात घालून दहा मिनिटे ठेवावे. फेस आला तरच यीस्ट जिवंत समजावे, नाही तर टाकून द्यावे. (गोव्यात पूर्वी यासाठी ताडी वापरत. आपल्याकडे ताडाची झाडे असली तरी तो प्रयोग घरात करायला कोणी धजेल असे वाटत नाही!) दीड चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि लागेल तसे कोमट पाणी घालून पीठ चांगले दहा-बारा मिनिटे मळावे. इथे कंटाळा केला की पाव दगड होतो. झाकून ठेवावे. उन्हाळ्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होते, थंडीत दीड तास लागतो. मग बारा गोळे तेल लावलेल्या थाळीत जवळजवळ मांडून पुन्हा अर्धा तास फुगू द्यावे.

भट्टी नसली तरी अडत नाही. जाड बुडाच्या मोठ्या टोपात दोन बोटे कोरडी वाळू घालून त्यावर तिवई ठेवावी व टोप झाकून पंधरा मिनिटे तापवावा. थाळी आत ठेवावी, झाकणावर निखारे ठेवावे आणि पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. वरून निखारे नसतील तर पाव भाजतो पण पांढरा राहतो, रंगासाठी तव्यावर उलटून घ्यावा.

पाव मधे चिरून तव्यावर थोड्या तुपावर शेकावा, एका बाजूला गोड चटणी, दुसऱ्या बाजूला लसणाची, मधे वडा व कांदा ठेवून तळव्याने हलकेच दाबावे. शेतावर न्यायचा असेल तर मात्र चटणी वेगळ्या डबीत न्यावी आणि वडे केळीच्या पानात गुंडाळावे. हवाबंद डब्यात गरम वडा कोंडला की घामेजून लिबलिबीत होतो.

हे खाणे रोजचे नव्हे. तळलेले आहे, गुळाचे आहे, मैदाही आहे. घरात मधुमेहाचे कोणी वडीलधारे असतील तर त्यांना गोड चटणीशिवाय व एकच द्यावा. गूळ म्हणजे औषध, साखर तेवढी वाईट, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो, तो खरा नाही. भातानंतर खाचरात वाल निघतात, तेव्हा तळणीला फाटा देऊन बिरड्याची सुकी उसळ पावात भरावी आणि वर तीच गोड चटणी घालावी. चवीला ती वड्याहून कमी नाही, पोटाला तर अधिक चांगली.

काही गावांतल्या बचत गटांना गोदामांच्या फाटकाशी असे पाव विकता येतील. आधी अन्न खात्याकडे नोंदणी करावी, मग पहिले पंधरा दिवस वहीत तेल, गॅस, पाव आणि स्वतःची मजुरी असे सारे मांडावे. मजुरी न धरता काढलेला नफा फसवा असतो. तळणीचे उरलेले तेल दुसऱ्या दिवशीच्या वड्यांना वापरायचे नाही, हे भाव ठरवतानाच ध्यानात धरावे. तेल कमी उरावे म्हणून लहान तोंडाची खोल कढई घ्यावी.

आणि वडे उरलेच तर संध्याकाळी कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून पातळ रस्सा करावा व वाढायच्या वेळी वडे त्यात सोडावे. आधीपासून सोडले तर विरघळतात. सोबत सकाळची भाकरी असेलच.