गुरुवारची सुट्टी आणि साताऱ्याची गादी

आमच्या चाकण-भोसरीकडच्या अनेक कारखान्यांना सुट्टी असते ती गुरुवारी. अशाच एका गुरुवारी वडिलांना आणि मुलाला घेऊन साताऱ्याला निघालो. वडील जावळी भागातले. तरुणपणी पिंपरीला नोकरीसाठी आले ते इकडचेच झाले. गुडघे दुखतात, तरी "एकदा अजिंक्यतारा दाखव" एवढंच त्यांचं मागणं होतं.

वाटेत मुलानं विचारलं, "आजोबा, राजधानी तर मुंबई ना?" आजोबा म्हणाले, "आत्ताची. आधी आपली सातारा होती."

गाडी किल्ल्याच्या दरवाजाजवळपर्यंत जाते, हे बरं झालं. वर बसून मी मुलाला सांगितलं, औरंगजेबानं १६९९च्या डिसेंबरात या किल्ल्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी तो साडेचार महिने लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, पण एकाचा ढिगारा त्यांच्याच सैन्यावर कोसळला. अखेर एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला. पुढे तो मराठ्यांनी परत घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा इथे राज्याभिषेक झाला. खालचं शहर त्यांनी वसवलं.

पण राजधानी म्हणजे नुसता किल्ला नव्हे. शाहू महाराज १७४९ मध्ये वारले आणि कारभाराचं केंद्र पुण्याला गेलं. तरीही नव्या पेशव्याला वस्त्रं हवी असत ती साताऱ्याच्या छत्रपतींची. सत्ता एकीकडे, मान दुसरीकडे, असं ते विचित्र नातं होतं.

दुपारी राजवाडा पाहिला. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तिथे सुमारे चौदा वर्षं झगडले. पदरी काही पडलं नाही. १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं. १८५७ मध्ये गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. चार भिंतींच्या स्मारकापाशी वडील बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "लहानपणी इथनं किती वेळा गेलो असेन. कुणी सांगितलंच नाही रे."

कंदी पेढे घेऊन परतलो. मुलगा मागच्या सीटवर झोपला होता. वडिलांनी विचारलं, "तुमच्या चाकणला पण किल्ला आहे ना?" आहे. संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. तिथेही बुरूज उडाला तो सुरुंगानंच. बारा वर्षं त्या गावात कामाला जातोय, पण आत पाऊल टाकलेलं नाही, हे वडिलांना सांगताना जीभ जड झाली.

पुढच्या गुरुवारी तिकडे. वडीलही येणार आहेत.